भिंतीवरची कंपनी

समोरच्याने कोणाचं नाव घेतलं की बाई तळहात उचलायच्या. रस्ता ओलांडताना रिक्षाला थांबवतो तसा.

"नाव नंतर. आधी काम सांगा."

गोखिवऱ्याला आमची विजेची बटणं, प्लग आणि होल्डर बनवणारी कंपनी होती. मी डिस्पॅचला होतो. नव्वदीचं दशक संपत आलं होतं. पूर्वी एक ऑर्डर आली की महिनाभर तोच पांढरा माल निघायचा. आता दुकानदार थोडा थोडा माल मागायला लागले, वेगवेगळ्या रंगात, आणि तोही लगेच. आम्हाला ते जमेना. ऑर्डरी परत जाऊ लागल्या, तेव्हा मालकांनी बाईंना आणलं. त्या मुंबईतल्या मोठ्या कंपनीत होत्या, तिथला त्यांचा विभाग बंद झाला होता. माणिकपूरला एकट्या राहायच्या. सुती साडी, खांद्याला कापडी पिशवी आणि पिशवीत रंगीत खडूंचा डबा.

आम्हाला वाटलं, आता कोणाकोणाला काढायचं ते ठरणार. तुम्हीही कुठल्या कारखान्यात किंवा हापिसात काम केलं असेल तर ही भीती तुमच्या ओळखीची असेल. नवीन माणूस मालकांच्या केबिनमधून बाहेर आला की सगळे एकदम कामात बुडतात.

पण बाई पहिले काही दिवस नुसत्या फिरल्या. मग पॅकिंगच्या हॉलमध्ये मागच्या भिंतीवर खाकी कागद जोडून लावला आणि त्यावर चौकोन काढायला सुरुवात केली. एका चौकोनात 'ऑर्डर समजून घेणे'. दुसऱ्यात 'साचा बदलणे'. मग 'माल तपासणे', 'माल पोचवणे'. कोणत्या कामाचं कोणत्या कामावाचून अडतं, तिकडे बाण. कुठेही खातं नाही, हुद्दा नाही, माणूस नाही.

मी विचारलं, "हे कशासाठी, बाई?"

"घराचा नकाशा असतो ना, तसा हा कंपनीचा. कुठली भिंत पाडली तर चालेल आणि कुठली पाडली तर छप्पर खाली येईल, हे पाडायच्या आधी कळलेलं बरं."

त्या फार बोलायच्या नाहीत. बोलल्या तरी आवाज एकाच पट्टीत. एकदा डबा खाताना मी म्हणालो, की तुमचा विभाग बंद झाला तेव्हा फार वाईट वाटलं असेल. त्यांनी जरा विचार केला. "तो बंद करताना कोणालाच माहीत नव्हतं की तिथे नक्की काय काम चालायचं. ते मला विचित्र वाटलं," म्हणाल्या आणि माझ्या डब्यातलं लोणचं मागून घेतलं.

चौकोन भरत गेले तेव्हा एक गोष्ट सगळ्यांना दिसली. साचा बदलायचा, माल तपासायचा, कुठली ऑर्डर आधी घ्यायची ते ठरवायचं, असे निम्म्याहून जास्त बाण जिथे जात होते ते सगळं काम आमचे फोरमन फ्रान्सिसकाका एकटे करत होते. काका कागदासमोर उभे राहिले. कान लाल झाले होते.

"म्हणजे माझ्यामुळे कंपनी अडते, असं ना?"

"तुमच्यामुळे चालते," बाई म्हणाल्या. "पण तुम्हाला ताप आला की कंपनीलाही ताप येतो. गेल्या वर्षी गावच्या चर्चच्या सणाला गेला होतात?"

काका पुन्हा कागदाकडे बघायला लागले. ते कित्येक वर्षं गेले नव्हते, हे आम्हाला माहीत होतं.

मग बदल सुरू झाला. काकांनी चार जणांना साचे बदलायला शिकवलं. जुळणी, तपासणी आणि पॅकिंग करणाऱ्यांच्या वेगळ्या रांगा मोडून प्रत्येक टेबलावर तिन्ही कामं येणारी माणसं बसवली. एक ऑर्डर एका टेबलाची, पहिल्या स्क्रूपासून खोक्याच्या पट्टीपर्यंत. सुरुवातीला गोंधळ झाला, भांडणंही झाली. अर्नाळ्याहून येणाऱ्या हिराबाई जुळणीवर होत्या. त्यांनी तर सांगून टाकलं, "आमी बटनं जोडनार. बाकीचं कोन दुसरा बघेल." बाईंनी आग्रह केला नाही. त्या हिराबाईंच्या शेजारी स्टूल टाकून बसल्या आणि स्वतःच जुळणी करायला लागल्या. इतकी वाईट की हिराबाईंनाच राहवलं नाही. तो माल तपासून बाजूला काढता काढता तपासणी त्यांना येऊन गेली.

एका दुकानदाराला दिवाळीआधी हस्तिदंती रंगाचा माल हवा होता. आम्ही तो सांगितलेल्या दिवसाच्या आधी पोचवला. मालकांनी पेढे वाटले. त्या वर्षी फ्रान्सिसकाका सणाला गेले, बँडमागून चालले आणि आम्हाला सगळ्यांना जेवायला बोलावलं. बाई आल्या होत्या. काकांच्या बायकोने त्यांचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. बाई तशाच उभ्या राहिल्या. हाताचं काय करायचं ते त्यांना कळत नसावं.

पुढे दोनेक वर्षं बरी गेली. मग मालक थकले. मुलं परदेशी होती. मालकांनी कंपनी एका मोठ्या कंपनीला विकली.

नव्या कंपनीचे साहेब आले ते थेट त्या भिंतीसमोर जाऊन उभे राहिले. "इतकं स्वच्छ काम मी कुठे पाहिलं नाही," एक जण म्हणाला. त्याने बाईंना एकेका चौकोनाबद्दल विचारलं. हे काम इथेच व्हायला हवं का? दुसरीकडे नेलं तर काय अडेल? मी तिथेच खोकी मोजत होतो. मला वाटत होतं, बाई काहीतरी राखून सांगतील. त्यांनी खरं तेच सांगितलं. साचे कुठेही नेता येतील. जुळणी बाहेर देता येईल. तपासणी शिकवता येते, ते इथे दिसलंच आहे.

इथली कंपनी बंद करून काम दुसरीकडे न्यायचं ठरलं. आमचा कारखाना इतका नीट सुटा झाला होता की तो हलवणं अगदी सोपं गेलं.

बातमी कळली त्या दुपारी हिराबाई हात पुसत भिंतीपाशी आल्या. आम्ही काही जण मागे होतो. त्यांना वाचता येत होतं. एकेका चौकोनावरून बोट फिरवत त्या म्हणाल्या, "बाई, ह्याच्यात मी कोन?"

बाईंनी कागदाकडे पाहिलं. "तुम्ही नाही आहात," त्या म्हणाल्या. "मी कोणालाच काढलं नव्हतं."

हिराबाई रागावल्या नाहीत. "आसं," एवढंच म्हणाल्या आणि टेबलावर जाऊन बसल्या. उरलेली बटणं जोडायची होती.

बाईंवर कोणी ओरडलं असतं तर बरं झालं असतं, असं मला पुढे वाटत राहिलं. कोणीच ओरडलं नाही. यंत्रं नेण्याची आखणीही त्यांनीच केली. कुठलं आधी, कुठलं मागून, कुठल्या साच्याखाली काय ठेवायचं. फ्रान्सिसकाका त्यांच्या शेजारी उभे राहून दोरखंड तपासत होते. एकाही साच्याला ओरखडा गेला नाही. नव्या कंपनीने बाईंना नोकरी देऊ केली होती, त्यांच्या इतर कारखान्यांचे असेच नकाशे काढायला. "नको म्हटलं," त्या मला म्हणाल्या. मी कारण विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही.

मला जवळच एका गाळ्यात काम मिळालं. वर्षभराने माणिकपूरला गेलो असताना त्यांच्याकडे डोकावलो. घर स्वच्छ होतं, जरा जास्तच. त्यांनी पोहे केले. हिराबाई आता मासे विकतात, काका घरी बसून असतात, असं मी सांगत गेलो. त्या मान हलवत ऐकत होत्या.

मी थांबल्यावर म्हणाल्या, "मला वाईट वाटायला हवं. ते कळतं मला. मी रोज बसून वाट बघते, पण काही वाटतच नाही हो."

"वाटेल, बाई."

"हो का," त्या म्हणाल्या आणि माझ्या बशीत आणखी पोहे वाढले.

पुढे त्यांची बहीण त्यांना बेळगावला घेऊन गेली आणि तिथेच त्या गेल्या, हे मला खूप उशिरा, दुसऱ्याच कोणाकडून कळलं. ऐकलं तेव्हा मी गाडीत माल चढवून घेत होतो. चढवून झाल्यावर मी खोक्यांवर बसलो. मलाही लगेच काही वाटलं नाही.

आठवते ती पोहे खाल्ले त्या दिवशीची, त्यांच्याकडून निघायची वेळ. मी खाली येऊन रिक्षात बसलो आणि वर पाहिलं. बाई गॅलरीत उभ्या होत्या. मी हात केला. त्या नुसत्या बघत राहिल्या. रिक्षा निघाली, कोपऱ्यावर वळायला लागली, आणि मी मान वळवून पुन्हा पाहिलं तेव्हा त्यांचा हात सावकाश वर येत होता.