माझ्याकडे उतरलेला मेल

द्राक्षपेट्यांच्या कोऱ्या पुठ्ठ्याचा वास आला, की माझा मलाच संताप येतो. आम्हा भावांचा ईमेल एकच होता. इंदिरानगरच्या ऑफिसात मी तो उघडला, की मेल माझ्याच कॉम्प्युटरवर उतरायचे आणि सर्व्हरवरून पुसले जायचे. सायखेड्याला बागेवरच्या दादाला काहीच दिसायचं नाही. 'साहेब, मेल सर्व्हरवरच ठेवू, दोघांना दिसतील,' कॉम्प्युटरवाला सांगून थकला. 'चाललंय ना? मग कशाला बोटं घालतो?' मी झापायचो. एकदा व्यापाऱ्याचा 'तोडणी थांबवा' हा मेल असाच उतरवून, न वाचता मी मनमाडला लग्नाला गेलो. दादाने बाग तोडली. व्यापाऱ्याने माल उचलला नाही; घड शेडमध्ये कोऱ्या पेट्यांशेजारी सडले. 'मेल नव्हता रे!' तो ओरडला. मेल मला माझ्याच कॉम्प्युटरवर सापडला होता, तरी मी सगळ्यांसमोर उखडलो, 'डोळे फुटले होते का तुझे?' आणि गुपचूप सेटिंग बदलून घेतलं. दादा अजून इनबॉक्स दोन-दोनदा उघडून बघतो. दादा, मेल माझ्याकडे होता.