कॅसेटवर सासूचं नाव

एकोफोबद्दल कोणी विचारलं की मी आधी त्याचा आवाज सांगतो, कारण बाकी माणूस सांगण्यासारखा नाही. अंगाने काटकुळा, पायात कायम दुसऱ्याचे बूट, आणि हातात डास मारायच्या फवाऱ्याचा रिकामा डबा. त्या डब्यात खडे भरून त्याने खुळखुळा केला होता. पण आमच्या मातोंगे वस्तीच्या या टोकाला त्याने तोंड उघडलं की त्या टोकाची झोपलेली पोरं रडत उठायची. आमच्या बँडचा तो अतालाकू होता. गाणं रंगात येऊन गायक बाजूला झाले आणि गिटारी सुसाट सुटल्या की पुढे यायचं, आरोळ्या ठोकून लोकांना नाचवायचं आणि मध्येमध्ये ओळखीपाळखीच्यांची नावं पुकारायची, हे त्याचं काम. मी दुसरी गिटार वाजवतो. माझं काम म्हणजे एकच चाल न थकता वाजवत राहणं आणि आपल्याकडे कोणी बघत नाही याची तक्रार न करणं. यातलं पहिलं मला छान जमतं.

किन्शासात कॅसेटवर नाव यावं म्हणून माणसं काय काय करतात! शिंपी अध्यक्षांना फुकट सूट शिवून देतो. अध्यक्ष म्हणजे देशाचे नव्हेत. आमच्याकडे बँडच्या मालकालाही अध्यक्षच म्हणतात, आणि आमचे मकवाला वागतातही तसेच. तर शिंप्याचं नाव येतं, न्हाव्याचं येतं, एकदा अध्यक्षांच्या कुत्र्याचंही आलं. मागच्या कॅसेटवर त्सिम्बाआईंचं आलं. त्या इथल्या मामिसा बाजारात मिकाते तळतात, पिठाचे गोड गोळे, आणि रोज सकाळी बँडला पानभर पाठवतात. त्यातले अर्धे मी खातो, हे लपवण्यात अर्थ नाही.

आणि त्सिम्बाआईंच्या शेजारीच क्वांगाचे, म्हणजे आंबवलेल्या कसाव्याचे, गोळे पानात बांधून विकायला बसायच्या एयेंगाआई. एकोफोच्या सासूबाई.

"जावई माझा, माइक त्याच्या हातात, आणि प्रत्येक बारमध्ये नाव गाजतंय कोणाचं? त्या तेलकट बाईचं!" त्या गिऱ्हाइकांना सांगायच्या.

"अहो आई, तो तुमचं नाव घेणार कसा? जावई आहे ना तो?"

"ते त्याचं त्याने बघावं."

खरी गोम इथेच होती. एकोफो नदीच्या वरच्या अंगाचा, मोंगो जमातीचा. त्यांच्यात जावयाने सासूचं नाव मेलं तरी तोंडातून काढायचं नाही. तिच्यादेखत जेवायचं नाही. ती समोरून आली तर रस्ता बदलायचा. सासूनेही जावयाशी तोंडावर बोलायचं नाही. एयेंगाआईंनी हा नियम आयुष्यभर पाळला होता. त्या बोलायच्या कोंबडीशी. जावई अंगणात आला की त्या कोंबडीला म्हणायच्या, "काय गं, काही लोकांना डबा खुळखुळवायला वेळ आहे, पण छपराचा पत्रा ठोकायला नाही!" कोंबडी दाणे टिपत राहायची आणि एकोफो हातोडी शोधायला पळायचा.

मग आमची लाइव्ह कॅसेट निघणार असं ठरलं. बारच्या अंगणात, लोकांसमोर, जसं वाजेल तसं. ही बातमी बाजारात पोचली आणि एकोफोची बायको बोलुम्बू माहेरी गेली. एकोफो तिला आणायला गेला तर अंगणात सासूबाई आणि कोंबडी दोघी हजर.

"ऐक गं," एयेंगाआई कोंबडीला म्हणाल्या, "या कॅसेटवर माझं नाव वाजलं की मुलगी सासरी. नाही वाजलं, तर माझं घर काही एवढं लहान नाही."

एकोफोने भिंतीकडे तोंड करून, अतिशय नम्रपणे, 'माझ्या बायकोची आई' असं पुकारलं तर चालेल का, असं विचारलं.

"बायकोची आई! या शहरात बायकोच्या आया ढिगाने मिळतील. त्यांना सांग, नाव हवंय. नातं माझं मला माहीत आहे."

त्यानंतर एकोफोची पार रया गेली. सरावाला यायचा तो करपलेली केळी खाऊन. आरोळी ठोकायला जायचा तर जांभई यायची. एवढ्या घरात एकटा काय करतोस विचारलं तर म्हणाला, "तिच्या चपला दारात आहेत. त्या ओलांडून जाताना जपून जातो." मला त्याची दया आली. मला कोणाची सहसा येत नाही.

"न्सुम्बूदादा," तो मला म्हणाला, "तू घे ना नाव. तुझी थोडीच ती सासू आहे?"

"मी? मी माइकवर आजवर शिंकलोसुद्धा नाही."

"एकच शब्द आहे रे दादा. मी दम खायला मागे आलो की तू पुढे जायचं, नाव म्हणायचं आणि परत यायचं. पोपटालाही जमेल."

"मग पोपट आण."

पण शेवटी हो म्हणालो. अध्यक्षांना यातलं काहीच माहीत नव्हतं. त्यांनी फक्त एवढं बजावलं की ध्वनिमुद्रणाची गाडी एकाच दिवसापुरती मिळाली आहे, जे वाजेल ते एकदाच वाजेल, आणि चूक करणाऱ्याला ते नदीत फेकतील.

रविवारची दुपार. अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. एयेंगाआई नवं कापड नेसून आल्या, येताना घरची घडीची खुर्ची घेऊन आल्या आणि माइकच्या बरोबर समोर मांडून बसल्या. बोलुम्बू मागे आंब्याखाली बसली. त्सिम्बाआईही आल्या होत्या, पण मी मुद्दामच तिकडे बघितलं नाही. पहिली दोन गाणी झकास झाली. नाचता नाचता लोक येऊन पहिल्या गिटारवाल्याच्या घामेजल्या कपाळावर नोटा चिकटवत होते. दुसऱ्या गिटारवाल्याला कपाळ नसतं.

तिसऱ्या गाण्यात गिटारी सुटल्या, एकोफोने आरोळ्यांचा पाऊस पाडला आणि ठरल्याप्रमाणे डबा खुळखुळवत मागे आला. मला कोपराने ढोसलं. मी पुढे गेलो. समोर एवढी तोंडं, एवढे डोळे, आणि त्या खुर्चीतून एयेंगाआई माझ्याकडे अशा बघत होत्या जणू मी त्यांच्या क्वांगाला नावं ठेवली आहेत. डोकं साफ रिकामं झालं. सकाळचे मिकाते तेवढे आठवले.

"त्सिम्बाआई!" मी ओरडलो.

मागून कोणीतरी आनंदाने किंचाळलं. त्या त्सिम्बाआईच होत्या. एयेंगाआई शांतपणे उठल्या, खुर्ची घडी केली, काखेत मारली आणि फाटकाकडे वळल्या. वाटेत त्यांनी आंब्याखालच्या मुलीला हाताने खूण केली. बोलुम्बू उठली.

एकोफोने ते बघितलं. त्याने मला बाजूला ढकललं, माइक धरला आणि सगळा जीव गळ्यात आणून ओरडला, "एयेंगा! एयेंगा! मामिसा बाजाराची एयेंगा!"

अंगण गप्प झालं. ड्रमवाल्याच्या काठ्या हवेत राहिल्या. जावयाने सासूचं नाव घेतलं, तेही माइकवरून, तेही तीनदा! कॅसेट ऐकाल तर तिथे नुसती शांतता आहे आणि मागे कोणाची तरी बाटली फुटल्याचा आवाज आहे. ती अध्यक्षांची होती.

एयेंगाआई परत फिरल्या. गर्दी आपोआप बाजूला झाली. खुर्ची काखेतच, तशा त्या मंचावर चढल्या, आणि कोंबडी जवळ नसल्यामुळे आयुष्यात पहिल्यांदा जावयाच्या डोळ्याला डोळा भिडवून बोलल्या.

"निर्लज्जा! मी तुझी बहीण आहे का? तुझ्याबरोबर गोट्या खेळले का मी? सासूला हाक मारतोस? पत्रा ठोकता येत नाही, पोरीला धड मासळी खाऊ घालता येत नाही, आणि घसा बघा केवढा! निर्लज्जा!"

हे सगळं माइकमध्ये जात होतं. आणि आईंच्या बोलण्याला असा काही ठेका होता की ड्रमवाल्याला राहवेना. त्याने हळूच काठी टेकवली. पहिली गिटार शिरली. मग मीही शिरलो, कारण मला दुसरं काही सुचत नव्हतं. "निर्लज्जा!" असं आई म्हणाल्या की अख्खं अंगण "निर्लज्जा!" म्हणून कंबर हलवायचं. आई थांबेनात. थोड्या वेळाने त्यांचे खांदेही हलायला लागले. एका माणसाने येऊन त्यांच्या कपाळावर नोट चिकटवली. त्यांनी ती काढली नाही.

गाणं संपल्यावर बारच्या मागे न्यायनिवाडा बसला. बोलुम्बूच्या मामांनी दोन्ही बाजू ऐकून घेतल्या.

"जावयाने नाव घेतलं, दंड एक शेळी. सासू तोंडावर बोलली, तिलाही एक शेळी. यांची शेळी तिकडे जाणार, त्यांची इकडे येणार. त्या मुक्या जनावरांना कशाला दमवायचं? फिटली शेळीला शेळी. बिअर मात्र दोघांनी पाजायची."

एयेंगाआई इकडेतिकडे बघून शेवटी घडीच्या खुर्चीला म्हणाल्या, "सांग त्याला, नाव चांगलं खणखणीत घेतलंस."

तोवर गाडीवाल्यांनी वायरी गुंडाळल्या आणि गाडी निघून गेली. एकोफो हसत आंब्याखाली गेला. त्याचा आवाज पार बसला होता.

"चल घरी. आईंचं काम झालं."

बोलुम्बू जागची हलली नाही. "आई रुसली म्हणून मी माहेरी गेले, असं वाटलं तुला?"

"मग?"

"शिंप्याचं नाव आलं. न्हाव्याचं आलं. कुत्र्याचं आलं, एकोफो. त्सिम्बाआईचं तर दोनदा. आज आईचंही आलं. एवढ्या कॅसेटी झाल्या. मी कुठे आहे?"

एकोफोने गाडी उभी होती त्या जागेकडे बघितलं. तिथे आता फक्त चाकांचे ठसे होते. मला फार वाईट वाटलं, आणि मी काही बोललो नाही ते बरंच केलं. त्या दिवशी माझ्या बोलण्याने कोणाचं भलं होत नव्हतं.

बोलुम्बू फाटकातून बाहेर पडली आणि चालू लागली. एकोफो डबा खुळखुळवत तिच्या मागे. पहिल्या घराशी त्याने तोंड उघडलं तर नुसती हवा निघाली. दुसऱ्या घराशी जमलं. "बोलुम्बू! बोलुम्बू, एकोफोची बोलुम्बू!" फाटक्या भोंग्यासारखा आवाज, पण गल्ली ओळखीची. मी गिटार घेऊन मागोमाग गेलो. वायर नव्हती, त्यामुळे ती कोणाला ऐकू येत नव्हती. मला त्याची सवय आहे. दारादारांतून बाया बाहेर आल्या, कोणाच्या हातात पळी, कोणाच्या कडेवर मूल. तिथेच नाचायला लागल्या. बोलुम्बू पुढे चालत होती. एकदाही मागे वळली नाही, पण चाल मात्र हळू होत होती.

त्या दोघांच्या घराच्या दाराशी एकोफो थांबला आणि गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकू लागला.

"आलं घर," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला.

"पुढच्या गल्लीत कोणाला ऐकू गेलं नाही," बोलुम्बू म्हणाली, आणि आपल्या दारावरून सरळ पुढे निघाली.