पडलेल्या पुढाऱ्याचं भाषण

नोकरीत किती गुन्हे तपासले, बरेचसे विसरलोही. पण पनवेलला असतानाचं हे प्रकरण काल घडल्यासारखं डोळ्यांसमोर आहे.

एका दुपारी एक निवृत्त शिक्षिका ठाण्यात तक्रार घेऊन आल्या. त्यांचे वडील जुन्या काळातले पुढारी. एकदा निवडणुकीत पडले, तर ओवे गावाने हट्टाने त्यांचाच सत्कार केला. त्या सभेत त्यांनी असं भाषण केलं की गाव हसून लोळलं. ते त्यांनी एका लग्नपत्रिकेच्या कोऱ्या पाठीवर स्वतःच्या हाताने लिहून नेलं होतं. तेच बाईंच्या कपाटातून गेलं होतं.

"असल्या हस्ताक्षरांना आता म्हणे चांगला भाव येतो," बाई म्हणाल्या. "भावाला वाटतं, मीच विकलं. यंदा राखीलाही आला नाही. साहेब, कागद नाही मिळाला तरी चालेल, पण मी चोर नाही एवढं सिद्ध करा."

ठाणे अंमलदार पुटपुटला, "इथे रोज मोटारसायकली जातात, आणि आपण विनोद शोधायचे?" मी त्याला गप्प केलं आणि गुन्हा नोंदवायला लावला. कागदाची खूण विचारली. पत्रिकेच्या चारही कोपऱ्यांना हळदकुंकू लावलेलं होतं, असं बाईंनी सांगितलं.

काही दिवसांनी खबऱ्याचा फोन आला. पळस्प्याच्या एका हॉटेलात कुणीतरी बाहेरगावच्या शौकिनाला पुढाऱ्याचं भाषण विकणार होता. साध्या वेशात गेलो आणि त्याला कागदासकट उचलला. जुन्या वस्तूंचा दलाल, राहणार कामोठे. 'वडिलांवर लेख लिहितो' असं सांगून हा बाईंच्या घरी जाऊन आलेला. पण गडी पक्का. बाईंनी दिलेली खूण सांगितली, तर उलट मलाच म्हणाला,

"माझे आजोबा त्यांचे कार्यकर्ते. सभेनंतर त्यांनीच आजोबांना दिलं. बाईंचं भाषण दुसरं असेल. हळदकुंकू म्हणाल्या ना? दाखवा कुठे आहे."

खरंच नव्हतं. चारही कोपरे तिरके छाटलेले. बाईंनी सांगितलेली खूण त्यांच्यावरच उलटली. माझं डोकं फिरलं, पण चिडून तपास होत नाही. चहा मागवला आणि त्याच्याकडे बघत बसलो. डागांनी भाव पडेल म्हणून यानेच कोपरे उडवले, हे उघड होतं. पण सिद्ध कसं करायचं?

सहज विचारलं, "घरी कोण कोण असतं?"

"आई आणि मी."

तिथे माझी ट्यूब पेटली. आमच्याकडेसुद्धा रद्दीत पत्रिका जाते, तेव्हा हळदकुंकवाचा तुकडा आधी काढून ठेवतात. तो केरात टाकायला घरातली बाई धजत नाही.

दोन पंच घेऊन त्याचं घर गाठलं. आई दारातच भेटली. म्हटलं, "आई, मुलाने पत्रिका कापली होती, तिचे तुकडे कुठे ठेवलेत?"

माउली सरळ. "त्यानं केरात टाकलेले, मी उचलले. हळदकुंकू हाय त्याला. आमी असं टाकत नाय. देवाजवळ ठेवलेत."

देवघरातल्या तबकाखाली चारही तुकडे निघाले. एकावर भाषणातलं अर्धं अक्षर होतं. पंचांसमोर कागदाला लावून पाहिलं, तर तंतोतंत जुळलं. इतक्या खुशीत मी दुसरा पंचनामा केलेला नाही. ठाण्यात तुकडे पुढ्यात ठेवले, तशी वाघाची शेळी झाली आणि पठ्ठ्या सगळं ओकला.

तपास म्हणजे माणसाची लबाडी हुडकणं, असं नव्या पोरांना वाटतं. मी त्यांना सांगतो, त्याच्या घरात काय पाळतात तेही बघा. लबाड माणूस एकटा असतो, घरातली बाकीची माणसं तशी नसतात.

कोर्टाच्या आदेशाने भाषण बाईंना परत मिळालं. वडिलांच्या स्मृतिदिनी ओव्यात सभा झाली, मलाही बोलावणं होतं. भाऊच माईकपुढे आला. म्हणाला, "मी माझ्या ताईवर आळ घेतला. सगळ्यांसमोर तिची माफी मागतो. भाषण तीच वाचेल."

बाईंनी चष्मा पुसला आणि वडिलांच्या ठसक्यात वाचायला लागल्या. "निवडून आलेल्याचा सत्कार लोक भीतीपोटी करतात, पडलेल्याचा प्रेमापोटी. तुमचं प्रेम पोचलं. पण थोडी भीती असती, तरी चाललं असतं."

मंडपात हशाचा स्फोट झाला. सगळ्यात मोठ्याने भाऊच हसत होता, आणि डोळेही तोच पुसत होता. त्या क्षणी माझ्या खाकीचं सोनं झालं, हे मी बेधडक लिहितो.