तिसरी तार

कार्यक्रमाला पाच मिनिटं उरली की टेकचंदभाऊ आपली गिटार मानेला धरून, चोरी करताना सापडलेल्या कोंबड्यासारखी माझ्यापुढे लटकवायचा आणि म्हणायचा, "हिले काय झालं, पाहून दे गा विनू. मले काही समजत नाही." मग मी दिव्याखाली बसून, डोळे मिटून, मोठी शस्त्रक्रिया चालल्यासारखा चेहरा करून तिसरी तार चढवायचो. तो चेहरा मी आरशासमोर बसवलेला होता, हे आता कबूल करायला हरकत नाही.

आमच्या बँडचं नाव 'बोडी'. शेताच्या कडेला पावसाचं पाणी अडवून केलेल्या लहान तळ्याला आमच्याकडे बोडी म्हणतात. १९९९ साली अर्जुनी मोरगावला, एका बंद राइस मिलच्या गोदामात बँड सुरू झाला. चाली दंडारीच्या, म्हणजे आमच्या गावोगावच्या लोकनाट्याच्या. सोबत ढोलकी, बासरी, ड्रम आणि टेकचंदभाऊची गिटार. शब्दही त्याचेच. घरी धानाची शेती, त्यामुळे रोवणी लागली की बँड बंद आणि धान घरात आलं की बँड सुरू. माझ्याहून सात वर्षांनी मोठा, पण अहोजाहो केलेलं त्याला खपायचं नाही.

आमची गाठ पडली चिचगडच्या मंडईत, दिवाळीनंतरच्या जत्रेत. मी एका भजन मंडळासोबत गेलो होतो, खांद्यावर हार्मोनियम. स्टेजवर हा उंच माणूस जीव तोडून गात होता आणि गिटारची एक तार ठार उतरलेली. खालून कोणी तरी ओरडलं, "काऊन बे, मांजर धरून आणलं काय?" मला राहवलं नाही. स्टेजवर चढलो, त्याच्या हातातून गिटार घेतली आणि ती तार सुरात लावून परत दिली. त्यानं माइकवर जाहीर केलं, "लोकहो, ह्या मानसाले कान आहेत. मले नाहीत." टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांवर मी पुढची बारा वर्षं काढली.

या बारा वर्षांत कॅसेट निघाली, मग सीडी निघाली, मग आमची गाणी लोकांच्या मोबाइलमध्ये शिरली. ड्रमवाला रायपूरला गेला. बासरीवाल्याला सरकारी नोकरी लागली आणि त्यानं बासरी मेहुण्याला देऊन टाकली. दोन गायिका लग्न होऊन गेल्या. प्रत्येकाला टेकचंदभाऊनं हसत निरोप दिला आणि मागे राहिलेल्यांना तेच वाक्य ऐकवलं, "बोडी आटते गा, पन बुजत नाही." मला मात्र त्यानं कधी जाऊ दिलं नाही.

एकदा मी जवळजवळ गेलोच होतो. नागपूरच्या एका शाळेत संगीतशिक्षकाची कायम जागा मिळाली. बायकोनं भांडी पोत्यात भरली, शेजारणींचा निरोप घेताना दोनदा रडूनही घेतलं. आम्ही एसटीत बसलो तोच टेकचंदभाऊ खिडकीशी आला. गिटार खिडकीतून आत सरकवली. मी तार छेडली. तिसरी उतरलेली. "तू गेला तं हे मुकी होते, विनू," तो म्हणाला. मी पोतं घेऊन खाली उतरलो. बायको त्यानंतर चार महिने माझ्याशी फक्त मीठ आणि गॅस सिलिंडर या दोनच विषयांवर बोलली. पण मला मात्र आपण शहीद झाल्याचा केवढा आनंद!

तिसरा अल्बम नागपुरात एका स्टुडिओत करायचा होता. मी पान खाऊन परत आलो, तर काचेपलीकडे टेकचंदभाऊ एकटाच होता. गिटारवर कान टेकवलेला. एकेक खुंटी पिरगाळत त्यानं सहाही तारा सुरात लावल्या. मला दोन मिनिटं तरी लागली असती. त्याला एक पुरलं. एक सूर वाजवला, मान हलवली. मग तिसरी खुंटी धरली आणि अर्धा वेढा उलटी फिरवली.

मी आत गेलो. त्यानं गिटार लटकवली. "हिले काय झालं, पाहून दे गा विनू."

मी तार लावून दिली. चेहरासुद्धा तोच केला. इतक्या वर्षांत दर वेळी तिसरीच तार कशी उतरते, हा प्रश्न माझ्या थोर कानांना कधी पडला नव्हता.

परतताना वाटेत चहासाठी थांबलो तेव्हा विचारलं, "केव्हापासून येते तुले?"

त्यानं बशीत चहा ओतला. "पहिलेपासून."

"मंग चिचगडले?"

"तू खाली उभा होता, पेटी खांद्यावर. तार उतरली आन् तुह्या तोंडावर कळ आली, मी वरून पाह्यली. तेव्हाच म्हणलो, हा पाह्यजे."

"आन् एसटीत?"

त्यानं बशी खाली ठेवली. "मी म्हणलो असतो, विनू, नको जाऊ, मले करमत नाही, तं थांबला असता काय?"

मला राग आला. नागपूरच्या त्या शाळेत एव्हाना कोणी दुसराच मुलांना सा लावून देत होता. मी म्हणालो, आता लाव तुझी तूच. आणि बँड सोडला.

पुढच्या महाशिवरात्रीला आमच्याकडच्या प्रतापगडच्या पायथ्याशी 'बोडी'चा कार्यक्रम होता. मी गर्दीत मागे उभा राहिलो, गमछा तोंडापर्यंत घेऊन. त्यानं सगळी गाणी उतरलेल्या तिसऱ्या तारेवर गायली. लोकांना वाटलं नवी ष्टाइल असेल. मध्येच थांबून त्यानं गिटार हातभर पुढे, गर्दीकडे धरली. कोणाचंही नाव घेतलं नाही. माझे हात खिशात होते. ते मी खिशातच ठेवले.

दोन वर्षांनी काविळीनं तो गेला. तेराव्यानंतर वहिनी गिटार घेऊन घरी आल्या. म्हणाल्या, "तुमालेच द्या म्हने." मी तार छेडली. तिसरी.

ती गिटार आता आमच्या बैठकीत भिंतीवर असते. येणारा जाणारा हौसेनं काढून वाजवतो, तोंड वाकडं करतो आणि माझ्यापुढे धरतो, "भाऊ, लावून द्या ना." बायको स्वयंपाकघरातून वाकून माझ्याकडे बघते.

मी म्हणतो, "मले काही समजत नाही."