चंद्रीपुढची उमेदवारी

आमचे काका गायीला म्युच्युअल फंड समजावून सांगत. नांदेडला विष्णुपुरीच्या रस्त्यावर त्यांचं गुंतवणूक सल्ल्याचं ऑफिस होतं आणि मागच्या गोठ्यात चंद्री नावाची देवणी गाय. काकांकडे उमेदवारी करणाऱ्याने प्रत्येक सल्ला आधी तिच्यापुढे बोलून दाखवायचा. ती बसून रवंथ करत राहिली तर पास, उठली तर नापास. परवान्याची परीक्षा मी पहिल्या झटक्यात पास झालो होतो. गायीकडून मात्र दर आठवड्याला नापास होत होतो.

"माणसं समजल्यावानी मान हलवितेत," काका म्हणत. "ही न्हाई हलवीत."

चंद्रीही हलवायची, पण माश्या हाकलायला. हे बोलायची माझी हिंमत नव्हती. येणाऱ्या लोकांनाही यात काही वावगं वाटत नसे. नायगावचे एक शेतकरी तर सही करण्याआधी मला सरळ विचारायचे, "गाय काय म्हणली?"

आठ महिने झाले तरी काका मला एकट्याला ग्राहकापुढे बसू देईनात. दोन नोकऱ्या सोडून तिशीत मी हे धरलं होतं. हेही सुटलं तर सासऱ्यांच्या किराणा दुकानात बसायचं, हे घरात ठरून गेलं होतं.

शेवटी एक निवृत्त नर्सबाई आल्या. काका म्हणाले, "ह्या बाई तुझ्या. चंद्री बसून राहिली तर."

मी चंद्रीपुढे योजना झोकात मांडली. पाच वर्षं पैसे काढता येणार नाहीत, एवढं मात्र वगळलं; माझं कमिशन त्याच योजनेत जास्त होतं. चंद्री उठली, शेपटी झटकली आणि पाठ फिरवून उभी राहिली. कुणी न विचारताच मी काकांना पाच वर्षांचं सांगून टाकलं.

दुसऱ्या दिवशी बाईंना साधी योजना सांगितली, तिच्यातल्या अडचणींसकट. काका शेजारी चहा पीत होते. बाई गेल्यावर म्हणाले, "आता लातूरला जा. सोताचं ऑफिस टाक."

"पण काका, चंद्री तर उठली होती."

"गाय हाय ती. माशी चावली, उठली," काका म्हणाले. "तू कामून घाबरलास?"

काका जाऊन आता तीन वर्षं झाली. त्यांची फार आठवण येते. लातूरचं माझं ऑफिस तिसऱ्या मजल्यावर आहे, तिथे गाय चढवता येत नाही. पण बोलताना काही वगळलं की समोरून कुणीतरी उठतंय असं वाटतं, आणि मी घाईघाईने म्हणतो, "थांबा, एक सांगायचं राहिलंच."