धवल्यावर भरलेला पिक्चर

मला त्या पिक्चरचा राग आहे. पिक्चर वाईट होता म्हणून नाही. बघणारे म्हणत चांगला होता, अजूनही म्हणतात. पुढच्या काळातून एक लोखंडी माणूस येतो, अर्धं शहर मोडतो, गोळ्या लागल्या तरी मरत नाही, असा काहीतरी. त्याचं इंग्रजी नाव आमच्या तळवलीत कोणाच्या जिभेवर बसेना, म्हणून सगळे त्याला नुसतं 'लोखंडी' म्हणत. 'आज लोखंडी हाय का?' एवढं विचारलं की गावात व्हिडिओ दाखवणाऱ्या माझ्या काकाला कळायचं. मला राग आहे तो हा लोखंडी ज्या कॅसेटवर येऊन बसला त्याचा. त्या कॅसेटवर आधी माझी आत्या होती.

आत्या म्हणजे वडिलांची आणि काकाची थोरली बहीण. ऐन तरुणपणी नवरा गेला आणि ती माहेरी आली, ती कायमचीच. आजी शेतावर नाहीतर मिठागरावर राबायची, त्यामुळे या दोघा भावांना आत्यानेच कडेवर वागवलं. पुढे आम्हा भावंडांनाही तिनेच. आणि ती धवलारीण होती. आमच्या आगरी लग्नात पूर्वी भटजीवाचून काही अडत नसे. हळद कुटण्यापासून नवरी सासरच्या उंबऱ्यात पाऊल टाकेपर्यंत प्रत्येक विधीचा धवला असतो, आणि तो गाणारी बाई असते तीच लग्न लावते. तळवली, घणसोली, बोनकोडे, सगळीकडून तिला बोलावणं यायचं. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. अख्खं लग्न तिच्या गळ्यात होतं.

मग नव्या शहरासाठी जमिनी गेल्या, त्यांचे पैसे आले, आणि पैशाबरोबर शहाणपणही आलं. लग्नाला भटजी पाहिजे, लाउडस्पीकर पाहिजे, बेंजो पाहिजे. काल-परवापर्यंत चिखलात उभी असलेली माणसं सांगू लागली, 'आता कोन धवला लावतो? लोका हसतात.' ही हसणारी लोका कोण, ते मला अजून कोणी दाखवलेलं नाही. हळूहळू आत्याला बोलावणी येईनाशी झाली. ती अंगणात बसून बोंबील निवडायची.

मी तेव्हा ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका कारखान्याच्या ऑफिसात टायपिस्ट होते. धवले शिकावेत असं मला मनापासून वाटायचं. मी तिच्या मागे लागले, की मला म्हणून दाखव, मी पाठ करते. ती साफ नाही म्हणाली.

"मांडव नाय, नवरी नाय, हलद नाय. मंग धवला कुनासाठी गाऊ? भिताडांचा लगीन लावू?"

लग्नाशिवाय धवला गायला की घरात अशुभ होतं, हे तिच्या दृष्टीने इतकं उघड होतं की त्यावर वाद घालण्यात अर्थ नव्हता. मी घातला तरी. ती उठून गेली.

म्हणून माझ्या भावाच्या लग्नात मी हट्ट धरला की धवलाच लागेल आणि आत्याच लग्न लावेल. भावाला भटजी हवा होता. मी घर डोक्यावर घेतलं. शेवटी आईने मध्यस्थी केली, आणि भावाच्या समाधानासाठी वाशीहून व्हिडिओवाला बोलावला. मला ते बरंच वाटलं. आत्या गाणार आणि ते कॅसेटवर राहणार, म्हणजे मला हवं ते आयतंच मिळणार होतं. दोन दिवस ती गायली. आवाज चिरका होता, पण एकदा सुरू झाली की बाकीच्या बायकांना दम लागायचा, तिला नाही.

व्हिडिओवाल्याने पुष्कळ हेलपाटे घालायला लावून कॅसेट दिली. आमच्या घरी मशीन नव्हतं. सगळे जमतील तेव्हा भाड्याने आणू आणि एकत्र बघू, असं म्हणत ती कपाटातच राहिली. सगळे काही जमले नाहीत.

त्याच सुमारास काकाने गोठ्यात व्हिडिओ सुरू केला. बैल विकले होतेच. त्यांच्या जागी बाकं आली, खिडक्यांवर गोणपाट आलं आणि दावणीच्या जागी रंगीत टीव्ही आला. कारखान्यांतली पहिल्या पाळीची माणसं सुटली की तिथेच यायची. काका एक दिवस घरी आला आणि आईला म्हणाला, "वयनी, कॅसेट अशी कपाटात ठेवशील तं बुरशी धरल. खाडीची हवा हाय. मना दे, मी मशिनीवर फिरवून ठेवतो." त्यात खोटं काही नव्हतं. आमच्याकडे कॅसेटींना बुरशी लागायची, मधून मधून चालवाव्या लागायच्या. आईने दिली.

पुढच्याच पावसाळ्यात आत्याला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. माणसं ओळखायची, सगळं समजायचं, पण तोंडातून 'आं आं' याच्यापलीकडे काही निघेना. दवाखान्यातून तिला घरी आणलं, आणि त्याच संध्याकाळी मी काकाकडे कॅसेट मागायला गेले. आता धवला राहिला होता तो एवढाच.

काकाने कॅसेट काढून दिली. तिच्यावर काळ्या शाईने लिहिलं होतं, 'लोखंडी'.

झालं होतं ते असं. मुंबईहून कोणीतरी लोखंडीची कॅसेट एका दिवसापुरती आणली होती. परदेशातल्या कुठल्यातरी थिएटरात चोरून कॅमेरा लावून काढलेली ती प्रिंट. पडदा वाकडा, मधेच माणसं उठून जाताना दिसायची, कोणीतरी खोकायचं. पण नवीन पिक्चर, आणि आमच्या पट्ट्यातल्या गावांत कोणाकडेच नव्हता. दुसरं मशीन जोडून कॉपी मारायची तर कोरी कॅसेट हवी, आणि ती हाताशी नव्हती. लग्नाची होती. तिच्यावर कोणी काही भरू नये म्हणून व्हिडिओवाल्याने मागचा प्लास्टिकचा दात मोडून दिला होता. काकाने त्या भोकावर चिकटपट्टी लावली.

"लगीन तं झाला ना," काका मला म्हणाला. "नवरा घरान हाय, नवरी घरान हाय. बगायचा हाय तं त्यांना बग."

"आणि तुझी बहीण?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. खरं सांगते, ते त्याच्या लक्षातच आलं नव्हतं. मुद्दाम केलं असतं तर मी एक वेळ सोडून दिलं असतं. ज्या बाईने याचा शेंबूड पुसला, तिचा आवाज त्याने पुसला आणि त्याला त्याचा पत्ताही नव्हता. मी त्याच्या बाकांवर बसलेल्या गिऱ्हाइकांसमोर त्याला जे बोलायचं ते बोलले. आगरी बोलीत शिव्यांना तोटा नाही आणि त्या मला सगळ्या येतात.

घरी आल्यावर मला सुचलं, की कॅसेट तीन तासांची आहे आणि पिक्चर काही तीन तासांचा नाही. मागे काहीतरी उरलेलं असणार. मी परत गेले. काका डोकं खाजवत म्हणाला, "आसल. लोका उठली का मी बंद करतो. फुडं काय हाय ते कोन बगतो?"

दुसऱ्या दिवशी दुपारी भावाने आणि मी आत्याला खुर्चीत बसवून गोठ्यात नेलं. खेळ चालू होता. लोखंडी माणूस जळत होता, तरी चालत होता, आणि बाकांवरची माणसं त्याचे संवाद त्याच्या आधी म्हणत होती. इंग्रजीतला एक शब्द कळत नसताना त्यांना ते पाठ झाले होते. आत्या डाव्या हाताने खुर्ची घट्ट धरून बघत होती. तिला ते खरं वाटलं असावं. पिक्चर संपला, नावं वर सरकू लागली, लोक उठले. "बंद करू नको," मी म्हणाले. पडद्यावर मुंग्या आल्या, खरखर झाली, आणि एकदम आमचा मांडव दिसला.

लग्न लागत होतं. अंतरपाट, भाऊ, वहिनी, आणि मध्ये आत्या. हिरवं लुगडं, हातात अक्षता, तोंड उघडं, मानेच्या शिरा ताणलेल्या. आणि त्या तोंडातून हिंदी पिक्चरमधलं डिस्को गाणं येत होतं.

मला क्षणभर काही कळेना. मग कळलं. व्हिडिओवाल्याने लग्नाचा आवाज काढून त्यावर गाणी टाकली होती. तेव्हा सगळेच टाकत, त्याला 'मिक्सिंग' म्हणत. अख्ख्या कॅसेटवर तेच असणार, पहिल्यापासून शेवटपर्यंत. काकाने पुसायच्या आधीच तिथे आत्याचा आवाज नव्हता. दारातून बाहेर पडणारी माणसं थांबली, परत आत आली आणि हसू लागली, कारण म्हातारी बाई डिस्को गाते आहे असंच ते दिसत होतं. एकजण शिट्टी वाजवून गेला.

आत्या हसली नाही, रडलीही नाही. ती पडद्यावरच्या स्वतःच्या तोंडाकडे बघत होती. पडद्यावर तिने अक्षता टाकल्या, तेव्हा खुर्चीतल्या तिचा डावा हात उठला. तिला प्रत्येक जागा माहीत होती. काका मशीनजवळ उभा होता. पुढचा खेळ लावायची वेळ झाली होती, आणि त्याने तो लावला नाही, एवढं मी त्याच्या पदरात टाकते. जास्त नाही.

मी वाशीला त्या व्हिडिओवाल्याकडे गेले. म्हटलं, कॅमेऱ्यातली मूळ कॅसेट असेल, ती दे.

"ती कशी राहील ताई? तिच्यावर आता किती लग्नं होऊन गेली."

"तू आवाज काढलासच का?"

"अहो, मागे बायकांचं कुईकुई चाललं होतं नुसतं. किती डिस्टर्ब होतं. मी एकदम क्लीन करून दिलं तुम्हाला. त्याचं एक्स्ट्रापण घेतलं नाही."

तो हे आनंदाने सांगत होता. त्याला वाटत होतं मी आभार मानीन. मी त्याच्या काउंटरवरच्या फुलांच्या हारातल्या नवरा-नवरीच्या फोटोंवर आडवा हात मारला. सगळे खाली पडले.

नंतर लोखंडीची चांगली प्रिंट आली. दुबईवरून, म्हणे. काका घरी सांगायला आला, "आता एकदम काच! त्याच्या तोंडावरचा घामपन दिसतो." ज्यांनी वाकडा पडदा दहा वेळा बघितला होता ते सगळे पुन्हा गेले. मग दोन वर्षांनी छापील डब्यातली, रीतसर विकत मिळणारी कॅसेट आली. आवाज सुधारलेला, रंग सुधारलेले, एकही ओरखडा नाही. काकाने डबा टीव्हीवर मांडून ठेवला. एका खोट्या लोखंडी माणसाचं हे कौतुक! त्याला कोणी मरू देत नव्हतं. कुठल्यातरी देशात पगारी माणसं बसून त्याच्या चेहऱ्यावरची धूळ झटकत होती. आणि आमच्या घरातली जिवंत बाई भिंतीला टेकून बसली होती, तिच्या गळ्यातलं 'कुईकुई' आम्ही आमच्याच हाताने दोनदा काढून टाकलं होतं. मला त्या डब्याकडे बघवत नसे.

मग माझं लग्न ठरलं. सासरच्यांचा भटजी होता, लाउडस्पीकर होता, व्हिडिओवालाही होता, दुसरा. मी एकाच गोष्टीवर अडून बसले, की माझी हळद आत्याच लावेल. बायका कुजबुजल्या, विधवा आहे, लुळी आहे, मुकी आहे. विधवा ती आधीपासूनच होती, आणि तुमची सगळ्यांची लग्नं तिनेच लावली, असं मी म्हटल्यावर त्यांनी वाट दिली. संध्याकाळी आत्याला माझ्यासमोर बसवलं. तिने डावा हात हळदीत बुडवला आणि तोंड उघडलं.

"तो लाउडस्पीकर बंद करा," मी ओरडले. बंद होईना. मी पाटावरून उठायला लागले, तेव्हा बंद झाला.

'आं... आं आं...' एवढंच. पण चाल होती. चढायची तिथे चढत होती, थांबायची तिथे थांबत होती, अक्षर मात्र एकही नव्हतं. पुढच्या पोरी पदरात तोंड घालून हसल्या. म्हाताऱ्या बायकांपैकी एकदोघींनी ओठ हलवून बघितले, पण ओळ कोणाच्या हाताला लागेना. इतकी वर्षं त्यांनी फक्त साथ दिली होती. पुढे नेहमी आत्याच असायची.

"काका, तू घे," मी म्हणाले. तो मांडवाच्या खांबाला टेकून उभा होता. "तिच्या मांडीवर वाढलास. तुला येत असेल."

तो पुढे आला. त्याने आत्याकडे बघितलं, तोंड उघडलं. लोखंडीचे संवाद हा माणूस झोपेतही बडबडला असता. त्याने दोनदा गळा साफ केला आणि मान खाली घातली.

आत्या थांबली नाही. तशीच गात राहिली, मला हळद लावत राहिली. व्हिडिओवाला माझ्या कानाशी वाकला.

"ताई, ह्याच्यावर गाणं कुठलं टाकू?"

मी हळदीच्या हातांनी त्याची कॉलर धरली. "ह्यातला एक सूर जरी काढलास ना, तर तुझ्या कॅमेऱ्यासकट खाडीत घालीन."

"पण ताई," तो घाबरून म्हणाला, "ह्याच्यात शब्दच नाहीत."

"ते कुठे गेले, ते त्याला विचार," मी म्हटलं, आणि काकाकडे बोट केलं.