भोंग्याचे तीन मुके दिवस

तीन दिवस झाले, मारुतीच्या देवळावरचा भोंगा वाजला नव्हता. उमरबोडी गाव त्यानं खूश होतं. एकट्या गिरजाबाईच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

उमरबोडी हे चंद्रपूरकडच्या मूल या गावाच्या पलीकडचं, जंगलाला पाठ लावून बसलेलं गाव. चैत्र लागला की घरोघरच्या बाया टोपल्या घेऊन मोहफुलं वेचायला निघतात. वाघही तिथलाच. गेल्या वर्षी त्यानं गावातली दोन माणसं नेली, तेव्हा शहरातून लोक आले आणि बोडीच्या, म्हणजे गावच्या लहान तळ्याच्या, मातीच्या बांधावर, पाळीवर, ऐनाच्या झाडाला कॅमेरा ठोकून गेले. त्याच्या पोटात असं यंत्र की समोरून वाघ गेला की ते आपणच ओळखतं. लगेच देवळावरचा भोंगा बोंबलतो आणि मोबाइलवर निरोप येतो. माघात भोंगा चार वेळा वाजला. चारही वेळा माणसं घरात थांबली, एक शेळीसुद्धा गेली नाही. तेव्हापासून गिरजाबाई मारुतीला दिवा लावून झाला की मान वर करून भोंग्यालाही नमस्कार करायची.

आणि त्याच कॅमेऱ्याचे डोळे तिनं स्वतःच्या हातानं बांधले होते.

झालं असं, की ऐनाच्या झाडाखालूनच बायांची पहाटेची वाट. संडास घरोघरी होते, पण उन्हाळ्यात पाणी नाही म्हणून त्यांत सरपण भरलेलं. पाळीमागं गेल्याशिवाय इलाज नव्हता. शेजारची आशाबाई एकदा म्हणाली, "गिरजे, आपले फोटो तिकडं चंद्रपुरात साहेब लोकं पाह्यत बसले असतीन वं." म्हणाली हसत, पण त्या हसण्यात जीव नव्हता. गिरजाबाईची नवी सून दिव्यानी तर तिकडं जावं लागू नये म्हणून पाणीच प्यायची नाही. पोरीला लघवीला जळजळ सुरू झाली, अंगात कणकण आली. ती कण्हताना पाहिली आणि गिरजाबाईनं जुन्या लुगड्याचा तुकडा घेतला, शेंगा तोडायच्या आकडीनं वर चढवला आणि कॅमेऱ्याला घुंगट घातला. पोरीला बरं वाटलं की काढून टाकू, असं मनाशी म्हणाली.

तिसऱ्या दिवशी दिवेलागणीला पोलीस पाटील गुणवंतरावांनी देवळात नारळ फोडला.

"मारुतीरायाची कृपा! वाघ सरकला दुसऱ्या जंगलात. तीन दिवस झाले, भोंगा नाई वाजला. उद्यापासून बायांनी बिनघोर मोहाले जावं."

खोबऱ्याचा तुकडा गिरजाबाईच्या तळहातावर आला. भोंगा का वाजत नाही हे त्या गर्दीत तिला एकटीलाच ठाऊक. सांगावं म्हणून तिनं तोंड उघडलंही. पण सासऱ्याच्या वयाच्या माणसांपुढं बायांच्या त्या वाटेचं नाव कसं काढायचं? देवाच्या नावानं फुटलेला नारळ, आणि तो आपल्या चिंधीपायी! प्रसाद तोंडात न घालता तिनं पदराच्या टोकाला बांधला. पहाटे चिंधी काढू, कोणाला कळायचं नाही, असं ठरवून घरी आली.

पहाटे उठून पाहते तर खुंटीवर दिव्यानीची टोपली नाही. नवरा सुकलू अंगणात जाळं झटकत होता.

"सून कुठी गेली?"

"नाल्यापल्याडच्या मोहाखाली. पाटलानं सांगतलं ना काल, वाघ गेला मून."

"एकटी?"

"आशाबाईची पोरगी हाये संगं. तू काऊन पांढरी पडून राह्यली?"

गिरजाबाईनं आकडी उचलली आणि धावत सुटली. नाल्यावरून परतायची वाट कॅमेऱ्याच्याच पाळीवरून येते, एवढंच डोक्यात. तोंडानं मारुतीचं नाव, पण तेही पुरतं येईना. पायातली एक चप्पल चिखलात राहिली.

झाडाखाली आल्यावर आकडी लागेना. एकदा निसटली, दोनदा निसटली. तिसऱ्यांदा लुगड्याचा तुकडा फाटत खाली आला आणि काच उघडी पडली.

काहीच झालं नाही.

भोंगा गप्प. पाणी गप्प. आता नाल्याकडं पळावं की गावाकडं? एवढ्यात वरच्या फांद्यांवरची माकडं खेकसायला लागली. बोडीच्या खालच्या अंगाला, बेशरमाच्या झुडपात, पिवळं काहीतरी उठून उभं राहिलं. आणि मागं देवळावर भोंगा बोंबलला. वाघानं मान वळवली. ती आकडी छातीशी धरून, त्याच्याकडं तोंड ठेवून, एकेक पाऊल मागं सरत राहिली. त्या वेळी ओरडली की नाही, हे तिला आजही सांगता येत नाही.

नाल्यापलीकडं दिव्यानीनं तेव्हा टोपली डोक्यावर घेऊन पाळीच्या वाटेवर पाय टाकला होता. भोंगा ऐकला तशी टोपली तिथंच टाकून ती आशाबाईच्या पोरीला ओढत डांबरी रस्त्यानं फिरून गावात आली. तोवर माणसं डबे बडवत पाळीवर पोचली होती आणि वाघ जंगलात शिरला होता. गिरजाबाईनं सुनेचा हात असा धरला की तिची एक बांगडी वाढली.

नाकेदार अमर मोटरसायकलवर आला. जंगलाची राखण करणारा हा तरुण गडी. खाली पडलेलं लुगडं त्यानं उचललं.

"हे कोणाचं होय?"

आशाबाईनं गिरजाबाईला मागून चिमटा काढला. गप्प राहा म्हणून. गिरजाबाईच्या पदराला मात्र कालचं खोबरं बांधलेलं होतं.

"माह्यं होय."

"वा व बाई!" गुणवंतराव कडाडले. "अन् मी तिकडं नारळ फोडून राह्यलो! सून गेली असती म्हंजे?"

"गेली असती तं मीच नेली असती, भाऊ. पण हा इथी ठोकला तवा आम्हाले कोणी विचारलं का, ही वाट कोणाची हाये?"

गुणवंतरावांनी धोतराचा सोगा उगाच सारखा केला. बाकीचे पुरुष पाण्याकडं पाहू लागले.

अमर हळू म्हणाला, "मावशी, हे मशीन माणसाचा फोटो ठेवत नाई. जनावरच ओळखते. सभेत सांगतलं होतं मी."

"सभेत कोण होतं? हे सारे. बाया भांडे घासून राह्यल्या होत्या."

त्यानं सगळ्या बायांसमोर मोबाइल उघडून दाखवला. वाघ, वाघ, एक अस्वल, पुन्हा वाघ. माणूस एकही नाही. आशाबाईनं मान तिरपी करून दोनदा पाहिलं. "असंन बाप्पा. पण सरकवा मून सांगते मी."

कुठं सरकवायचा, हेही मग बायांनाच विचारलं. गिरजाबाई त्याला नाल्याच्या वळणावर घेऊन गेली. तिथल्या ओल्या रेतीत जुन्या-नव्या पंजांची रांगच होती. "वाघ इथून उतरते," ती म्हणाली, "आम्ही तिथून जातो." तिसऱ्या दिवशी कॅमेरा वळणावर गेला. संडासांच्या पाण्याचं मात्र अजून कोणी नाव काढत नाही.

पदरातलं खोबरं कॅमेरा सरकला त्या संध्याकाळी गिरजाबाईनं मारुतीपुढं उभं राहून खाल्लं.

जिवाला स्वस्थता मात्र आली नाही. भोंगा वाजला की ती दचकते, आणि दोन दिवस वाजला नाही की जास्तच दचकते. मग उजाडल्यावर दोघी-तिघींना घेऊन वळणावर जाते. काचेवरची धूळ पुसते, कोळ्याचं जाळं काढते, यंत्र चालू असल्याचा हिरवा दिवा लुकलुकतो का ते पाहते.

"आत्याबाई, डोक्यावर पदर घ्या," दिव्यानी हसते. "तुमचा फोटो निघून राह्यला."

गिरजाबाई पदर घेतेच. यंत्र माणूस ठेवत नाही, हे तिनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय, तरीही घेते. मग दिवा लुकलुकला की म्हणते, "चाल, आता वेच मोहं."